निरंक म्हणजे काही नाही

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. साहेबांची घंटा वाजली की शिपायाच्या आधी आपण उठायचं नाही, आणि कोरा रकाना वर पाठवायचा नाही. दुसरी गोष्ट शिकवली ती आमच्या अव्वल कारकुनांनी. बिद्रीकडच्या शेतकरी घरातले गृहस्थ, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. माझ्या समोर मासिक प्रपत्र ठेवून ते म्हणाले, "मोकळं सोडलंस तर मधी कोण बी काय बी भरंल. आणि शून्य तर लिवूच नको. शून्याच्या आधी एक काढला की झालं धा. निरंक लिव. निरंकच्या फुडं-मागं कुणाला काय चिकटवता येत न्हाई."

मला ते फार हुशारीचं वाटलं. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, मी नुकतीच पदवीधर झाले होते, आणि जिल्ह्याच्या गावी सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून टेबल मिळणं आमच्या गल्लीत लहान गोष्ट नव्हती. कचेरी कुठली ते सांगत नाही. सांगून उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही धीर होत नाही.

ते प्रपत्र होतं मोठं नावाजण्यासारखं. जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांकडून माहिती यायची, ती मी एका कागदावर उतरवायची. कोठडीतले मृत्यू किती, कोठडीत मारहाण झाल्याच्या तक्रारी किती, विनाकारण डांबून ठेवल्याच्या किती. शेवटचा रकाना शेऱ्याचा. हा कागद मुंबईला जायचा, तिथून बेरीज होऊन दिल्लीला. आपलं सरकार माणसांचे हक्क किती पाळतं ते शेवटी या बेरजेवरून ठरतं, असं मला साहेबांनीच सांगितलं होतं. म्हणजे सरकारला गुण द्यायचे ते माझ्या टेबलावरून. मी महिनाभर त्या विचारानं ताठ मानेनं चालत होते.

वडील माझ्याहून खूश. ते एका शाळेत शिपाई होते. आजोबांनी छप्पन सालानंतर धम्म स्वीकारला तेव्हा घरातला देव्हारा निघाला आणि त्या जागी वह्या-पुस्तकांची फळी आली, ती अजून आहे. वडील म्हणायचे, "आपल्यावर काय काय झालं ते आपण सांगत आलो, पण लिवलं कुणी न्हाई. जे लिवलं न्हाई ते झालंच न्हाई म्हणत्यात. आता तू लिव." मी संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "आज काय लिवलंस?" मी म्हणायची, निरंक. सुरुवातीला ते हसायचे. त्यांना वाटायचं, जिल्ह्यात सगळं ठीक चाललंय.

मलाही तसंच वाटायचं, कारण ठाण्यांकडून येणाऱ्या कागदांवरही तेच असायचं. सगळीकडून निरंक, आणि त्या सगळ्या निरंकांची बेरीज मी काळजीपूर्वक निरंक करायची.

कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका दुपारी एक बाई सहावीतल्या मुलीचा हात धरून माझ्या टेबलाशी आली. कबनूरची. नवरा यंत्रमागावर कामाला होता. माहेर गडहिंग्लजकडचं, त्यामुळे तिनं मला बाई म्हटलं नाही, मॅडम म्हटलं नाही, सरळ अक्का म्हणाली. वयानं ती माझ्याहून मोठीच होती.

"अक्का, आमच्या मालकांचं लिवून घ्या."

काय लिहून घ्यायचं ते तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. कारखान्यातून सुताची दोन बाचकी गेली. कारखान्याच्या मालकानं चौघा कामगारांची नावं दिली, त्यात हिचा नवरा. चौकशीला म्हणून नेलं. दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेला कुणाला तरी दिसला, आणि डॉक्टर येईपर्यंत गेला. ती म्हणाली, त्याच्या तळपायांना हात लावता येत नव्हता.

"ते चोर न्हवतं ओ, अक्का. बाचकी मागनं मालकाच्याच गुदामात सापडली. तेवढं लिवा. मारलं म्हणून लिवा आणि चोर न्हवतं म्हणून लिवा. पोरीला शाळंत चोराची पोर म्हणत्यात."

मुलगी टेबलाच्या कडेला बोट फिरवत होती. मी अर्ज लिहून घेतला, आवक क्रमांक टाकला, तिला पाणी दिलं. त्या महिन्यात त्या ठाण्याकडून आलेला कागद मी मुद्दाम पुन्हा काढून पाहिला. मृत्यू, निरंक. सोबत एक ओळ होती की अमुक इसमास चौकशीअंती सकाळी सात वाजता सोडून देण्यात आले. दवाखान्याची नोंद साडेसातची. मेला तेव्हा तो कोठडीत नव्हता. अर्ध्या तासापूर्वीच तो, कागदावर, स्वतंत्र नागरिक झाला होता.

मला संताप आला. आजही लिहिताना येतो. मी प्रपत्र समोर घेतलं आणि कोठडीतल्या मृत्यूंच्या रकान्यात १ लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात, जिथे आमच्या कचेरीत निरंकखेरीज कधी कुणी काही लिहिलं नव्हतं, बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. त्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं, आज काय लिवलंस? मी म्हणाले, एक. त्यांनी काय ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं. जेवायला बसलो तेव्हा त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. त्यांनी आयुष्यात कधी कुणाला वाढलं नव्हतं.

चार दिवसांनी प्रपत्र परत आलं. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत दोन शब्द होते, खुलासा सादर करावा. भाऊसाहेबांनी मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं, दार लोटलं, आणि आवाज न चढवता विचारलं, "ती बाई तुमच्यातली काय?"

नव्हती. हिंदू होती, तिच्या गळ्यात तुटलेल्या मंगळसूत्राची खूण अजून दिसत होती. मी तसं सांगितलं. पण तो प्रश्न एकदा विचारला गेला की उत्तराला किंमत राहत नाही.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "मी तुझा वैरी न्हाई. पण खुलाशात तुला काय लिवता येणार? ठाण्याचा कागद म्हणतोय सोडलं, तू म्हणतीस मारलं. तुझ्याकडं कागद हाय? बाईचं तोंड म्हंजे कागद न्हवं. उद्या म्हणतील, हिला नोकरी कशी मिळाली ठाव हाय न्हवं, आता बघा कशी चालवतीया. ते तुझ्या एकटीला लागत न्हाई. तुझ्या मागनं येणाऱ्या सगळ्यांना लागतंय."

ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट. धमकी दिली असती तर मी भांडले असते. पण माणूस काळजीनं बोलत होता. मी नवा कोरा छापील कागद घेतला, सगळे रकाने सुवाच्य अक्षरात पुन्हा भरले, आणि १ होता तिथे निरंक लिहिलं. शेरा मोकळा सोडणार होते, पण कोरा रकाना पाठवायचा नसतो. तिथेही निरंक लिहिलं. जुना कागद भाऊसाहेबांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला.

घरी गेल्यावर वडिलांनी विचारलं, आज काय लिवलंस? मी म्हणाले, काही नाही. त्यांना कळलं असावं. त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही, आणि पुढे काही वर्षांनी ते गेले तेव्हाही आमच्यात तो विषय तसाच राहून गेला होता.

बाई मात्र येत राहिली. दर पंधरवड्याला एसटीनं यायची, बाकावर बसायची, माझी मान वर होण्याची वाट बघायची. अक्का, लिवलं का? मी म्हणायची, चाललंय. सरकारी कचेरीत चाललंय या शब्दाचा अर्थ काय असतो ते तिला माहीत नव्हतं. शेवटी भाऊसाहेब वैतागले. "तिच्या हातात एक पत्र दे की. कागद मिळाला की माणूस घरी जातंय." मजकूर त्यांनीच सांगितला. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आणि पुढे तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव, यांचेबाबत या कार्यालयाचे अभिलेखात नोंद निरंक आहे. सही, शिक्का.

ती पत्र घेऊन उभी राहिली. तिला अक्षरओळख होती, बोट ठेवून वाचता यायचं. नवऱ्याच्या नावावरून बोट पुढे सरकलं आणि शेवटच्या शब्दाशी थांबलं.

"निरंक म्हंजे काय, अक्का?"

"काही नाही," मी म्हणाले.

मी अर्थ सांगितला होता. निरंक म्हणजे काही नाही. शिवाय मला तिला लवकर वाटेला लावायचं होतं, हेही खरं. पण तिचा चेहरा बघता बघता बदलला.

"काय न्हाई? म्हंजे त्यांच्यावर काय न्हाई? डाग न्हाई असंच न्हवं? निष्कलंक म्हणत्यात तसं?"

ज्या देवाला डाग नसतो त्याला आरत्यांतून आणि कीर्तनातून निष्कलंक म्हणतात, ते तिनं ऐकलेलं होतं. निरंक तिनं कधी ऐकलं नव्हतं. सरकारी माणसांशिवाय तो शब्द ऐकतो कोण? दोन्ही शब्द सारखेच वाजतात. नाव नवऱ्याचं, पुढे निरंक आहे, खाली गोल शिक्का. ती माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं.

मी म्हणाले, "हो."

ती वाकून माझ्या पाया पडली. भर कचेरीत. मी मागे सरले तर खुर्ची पडली, आणि भाऊसाहेबांनी मान वर करून विचारलं, काय झालं? काही नाही, मी म्हणाले. त्यानंतर ती कधी आली नाही.

वर्षं गेली. भाऊसाहेब निवृत्त झाले, माझी बढती झाली आणि बदली कचेरीच्याच तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. तिथे एकदा पुण्याहून एक संशोधक आला. तरणा, सडपातळ, कॉम्प्युटर पाठीवर घेऊन फिरणारा, बोलायला गोड. त्याचं काम ऐकून मी चकित झाले. देशोदेशीची सरकारं माणसांचे हक्क किती पाळतात ते मोजणारे लोक असतात, त्यांतलाच हा. प्रत्येक हक्काला शून्य, एक किंवा दोन गुण. दोन म्हणजे उत्तम. तो जिल्हावार मोजून बघत होता. आठ दिवस माझ्या समोर बसून त्यानं जुनी प्रपत्रं उलटली आणि नवव्या दिवशी आनंदानं म्हणाला, "मॅडम, तुमचा जिल्हा फार चांगला आहे. जवळजवळ सगळं निरंक. शेजारचे काही जिल्हे बघा, पानंच्या पानं भरली आहेत. त्यांना फार कमी गुण पडणार."

मी आयुष्यात एवढ्या मोठ्यांदा कधी बोलले नव्हते. शिपाई जिन्यावरून वाकून बघायला लागला. मी म्हणाले, अहो शहाणे, ज्यांनी पानं भरली त्यांनी निदान खरं तरी लिहिलं! परीक्षा देणारानंच आपला पेपर तपासायचा आणि तुम्ही येऊन बेरीज बरोबर आहे का तेवढं बघणार? जो कबूल करतो तो नापास आणि जो तोंड पुसून बसतो तो पहिला? हे निरंक माझ्या हातचं आहे. हे अक्षर बघा, माझं आहे.

तो रागावला नाही. त्यानं कॉम्प्युटर मिटला आणि म्हणाला, "हे आम्हालाही माहीत आहे, मॅडम. पण जे नोंदलं नाही ते कसं मोजायचं, ते अजून कुणाला नीट जमलेलं नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो." मग मी त्याला कबनूरच्या बाईची गोष्ट सांगितली, शेवटचा हो सोडून. तो म्हणाला, ती बाई स्वतः सांगायला तयार असेल तर एक नोंद नक्की होईल. एवढ्या वर्षांनी का होईना, एक.

एक. तो आकडा ऐकून मला वडिलांनी वाढलेली भाकरी आठवली. रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. दोन खोल्या, भिंतीपलीकडे मागांची खटखट, त्यामुळे घरातही सगळे ओरडूनच बोलतात. बाई वाळली होती, केस पांढरे झाले होते, पण तिनं मला दारातच ओळखलं. "अक्का आल्या! बसा की. आवो पावणं, तुमी बी बसा." आणि मग तिनं माझा हात धरून मला भिंतीसमोर उभं केलं.

नवऱ्याचा फोटो होता, त्याला प्लास्टिकचा हार. त्याच्या शेजारी तेवढ्याच मापाच्या चौकटीत, काचेखाली, माझ्या हातचं पत्र. शाई तपकिरी झाली होती. काचेवर, निरंक या शब्दाच्या बरोबर वर, कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

"ह्या कागदानं जगवलं बघा आमाला," ती म्हणाली. "मालकाला नेऊन दाखवला, गल्लीला दाखवला. शाळंत मास्तरला दाखवला. औंदा पोरीचं लगीन ठरतंय. पावण्यांनी विचारलं, बाप कशानं गेला? मी हितं आणून उभं केलं. वाचा म्हटलं, सरकारनं लिवून दिलंय. निरंक हाय. गप बसली सगळी."

संशोधकानं ते पत्र वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं, मी न सांगितलेलं सुद्धा. तरी त्यानं वही काढली आणि हळू विचारलं, "मावशी, तुमच्या मालकांना काय झालं होतं ते सांगाल का?"

"मारलं की ओ त्यास्नी. पर ते आता उगाळायचं कशाला? सरकारनं मानलं न्हवं का? न्हाई, आता तक्रार न्हाई माजी. नगं लिवू काय."

माझ्या तोंडाशी आलं होतं. मावशी, त्या कागदावर तुझा नवरा निर्दोष होता असं लिहिलेलं नाही. त्याला काही झालंच नाही, असं लिहिलंय. एवढं सांगितलं की ती बोलायला तयार झाली असती, नोंद झाली असती, जिल्ह्याचे गुण कमी झाले असते, कुठल्या तरी तक्त्यात खरा आकडा बसला असता. आणि ती चौकट भिंतीवरून उतरली असती, ठरत आलेल्या लग्नासकट. मी काचेवरच्या कुंकवाकडे बघत राहिले आणि एक शब्द काढू शकले नाही. दुसऱ्यांदा.

संशोधकाच्या छापील कागदावर शेवटचा एक प्रश्न होता, तो त्यानं सवयीनं विचारला असावा. सरकार आपल्या माणसांशी कसं वागतं, वाईट, मध्यम की चांगलं?

"चांगलं लिवा," ती म्हणाली. "गरिबाचं कोण ऐकतंय, ओ? आमचं ऐकलं. लिवून दिलं."

त्यानं दोन लिहिले. मी बघितलं.

आम्हाला स्टँडपर्यंत पोचवायला मुलगी आली. तीच ती, टेबलाच्या कडेला बोट फिरवणारी. आता वीस-एकवीसची झाली होती, बोलायला आईपेक्षा ठसठशीत. संशोधक पुढे चालत होता. ती माझ्या बरोबरीनं आली आणि मागांचा आवाज मागे पडल्यावर म्हणाली, "अक्का, त्या कागदावर काय लिवलंय ते मला ठाव हाय."

मी थांबले.

"आईला सांगितलं न्हाई तेवढं बरं केलंसा. मी अंगणवाडीत सेविका झाले न्हवं, गेल्या वर्षी. पयल्याच म्हयन्याला वरच्या बाईंनी शिकवलं. कुपोषित किती, दगावली किती, त्यो तक्ता असतोय. म्हणाल्या, मोकळं सोडायचं न्हाई, शून्य लिवायचं न्हाई, निरंक लिवायचं. तवा कळलं. घरी जाऊन भित्तीकडं बघितलं. दोन दिवस जेवले न्हाई."

मी माफी मागितली. ती पुढे बघत चालता चालता म्हणाली, "आमच्या मागच्या गल्लीतलं एक पोर गेलं, मागल्या म्हयन्यात. दीड वर्साचं. वजनच न्हवतं त्येला. मी लिवल्यालं खरं, एक म्हणून. तक्ता माघारी आला. खुलासा द्या म्हणाल्या."

बस लागली होती. संशोधक दारातून मला हाका मारत होता.

"मग काय लिहिलंस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. आईसारखेच डोळे, फक्त त्यात कसलीच वाट बघणं नव्हतं.

"काय न्हाई, अक्का," ती म्हणाली.